शालूआत्याची मेथी आन् माहे चार केबी

...आन् वरून शालूआत्या मलेच समजावून राह्यली! 'जाऊ दे नीरज, तुह्या डब्ब्याचा काय दोष? मीच करंटी, लग्नाले कायले गेली!' आता काय सांगू बाप्पा? मेथी सडली ते माह्यापायी! पन चार केबी तं वाचले ना!

तुमाले सांगतो, नागपूरच्या कंपनीत मी शेतातल्या पान्याचे डब्बे बनवतो. एक डब्बा वाफ्यातली ओल पाह्यते, दुसरा पाईपाचा वॉल उघडते-लावते, आन् दोघायच्या मधात निरोप पोचवनारा प्रोग्राम, मिडलवेअर म्हन्तेत त्याले. चिपमंधी मेमरी चिमूटभर, आन् हा मधला गडी पाय पसरून बसलेला! साहेब म्हने, 'नीरज, छाट त्याले! मोठी चिप भेटनार नाई!' छाटलं जी. छाटता छाटता दिसलं, कोनी डब्बा बंद पडला असन तं त्याचा शेवटचा निरोप हा जपून ठेवे, चालू झाल्यावर देये. म्हनलं, आपले डब्बे कायले बंद पडतेत? उडवलं! चार केबी, म्हनजे चार किलोबाईट मेमरी वाचली! साहेबानं पेढे वाटले...

कायले बंद पडतेत म्हने! जलम गेला हिंगनघाटात, आन् लाईन, म्हनजे वीज, जाते हे मीच इसरलो? एसीत बसून डोस्कं थंड पडलं, दुसरं काय!

आन् पहिला डब्बा लावला कुठं? जिच्या घरी राहून इंजिनेर झालो, त्याच आत्याच्या वावरात! आत्या भरोशानं समुद्रपूरले लग्नाले गेली. भर दुपारी लाईन गेली, वॉलचा डब्बा बंद, वॉल उघडाच राह्यला. ओलीचा डब्बा बॅटरीवर जागा, तो बिचारा एकदाच वरडला, 'पुरे!' ऐकते कोन? घंट्याभरानं लाईन आली, ऑटोस्टार्टरनं मोटर सुरू! वॉलचा डब्बा उठून मधल्याले पुसते, 'माह्यासाठी काई निरोप?' मधला म्हन्ते, 'नाई बा!' ...सांजवरी पानी, आत्या परतेपर्यंत वाफे तुंबलेलेच! बाजाराले न्यायची मेथी वाफ्यातच सडली. पन चार केबी...

मले धरनीनं पोटात घ्यावं असं झालं. सांगूनच टाकलं, 'आत्या, चूक माही हाय. जागा वाचवाले गेलो, तुह्या वॉलचा निरोप कापला.'

आत्या म्हने, 'वाचवली ते जागा ठेवली कुठं?'

'साहेबानं त्यात मोर बसवला. लाईन आली का डब्ब्याच्या स्क्रीनवर पिसारा फुलवते.'

'म्हनजे माही मेथी मोरानं खाल्ली म्हन!'

साहेबाले म्हनलं, मोर हटवा, तं म्हन्ते, 'नाई, लोकायले आवडते.' आन् तुमाले म्हनून सांगतो... तो मोर बी म्याच रंगवला.