कढई माही, भट्टी तिची

बापू, माहं माहेर मुर्तिजापुराकडलं अन् सासर हे अकोल्याचं, मोर्णेच्या काठावर. आमी माळी. वांगे, मिरच्या, कांदे लावायचे अन् टोपलं घेऊन बाजारात बसायचं, दुसरं काई येत नव्हतं. लग्नात बाकीच्या पोरीइले पितळी भांडे देत, माह्या बापानं मले लोखंडाची कढई देली, गावच्या लोहाराकडून घडवून, एवढी मोठी की वरातीच्या गाडीत माहा लहाना भाऊ तिच्यातच बसून आला. सासरच्या बाया खुदूखुदू हासल्या. एक नाही हासली, माही जाऊ. ठकूबाई तिचं नाव, मी तिले बाईच म्हनो. तिनं कढई उलटी केली, बुडाले टिचकी मारली, कान लावून आयकलं अन् म्हने, गिरजे, हे घरच्या चुलीवर नाही बसायची, इले भट्टी पायजे.

तवा काय सांगू तुमाले, कापसाचे दिवस आले होते. कुठंसं सात समुद्रापल्याड लढाई लागली म्हने, तिकडला कापूस बंद झाला अन् आपल्या वऱ्हाडच्या कापसाले सोन्यावानी भाव आला. आमाले लढाई काय समजते, आमाले गाड्या दिसत. दर्यापुराकडून, अमरावतीकडून गाड्याच गाड्या, रस्ता पांढरा होऊन जाये. लोकाईनं ज्वारी मोडून कापूस लावला, कोनी बैलाच्या शिंगाले चांदी चढवली, कोनी गाडीच्या चाकाले, अन् गाडी हाकनारा मानूस तसाच उपाशी बसून राहे. बाई म्हने, गिरजे, हे मानसं खातात काय? तितूनच सुरू झालं सारं.

गाडीतळाच्या या अंगाले, कापसापासून लांब, जिथून वारा गंजीकडं जात नाही अशी जागा बाईनं पाह्यली. मी लगेच वावरातली माती खनायले गेली तं मले हासली. म्हने, काळी माती कापसाले, भट्टीले नाही, तडकते थे. गढीची पांढरी माती आनली, गव्हांडा, म्हंजे गव्हाचा भुसा, घातला, घोड्याची लीद घातली, पायानं तुडवली, अन् माही कढई मधात ठिवून तिच्या मापानं भट्टी उभी केली. कढईचं बूड गोल असते नं बापू, कुठंबी ठिवा, डुलते. पन बाईनं भट्टीचं तोंड असं काई काढलं की कढई ठिवली की टुक असा आवाज येये अन् मंग हलाचं नाव नाही.

तोंड वाटोळं पायजे, असं थे सारखी म्हने. रोज सकाळी भट्टी लिंपली की इचारे, पाय वं, वाटोळं झालं का? मी म्हनो, बाई, धंद्याच्या वक्ताले वाटोळं वाटोळं नका म्हनू, चांगलं नाही वाटत. मंग तिनं म्हननं सोडलं. नुसते दोन्ही हात हवेत गोल फिरवून दाखवे अन् डोये मोठे करे, अन् आमी दोघी हासो.

जाळ तिच्याकडं, झारा माह्याकडं. जळन पऱ्हाटीचं, कापूस येचून झाल्यावर उभे झाड उपटून आनायचे, कोनी नाही म्हनत नव्हतं. पऱ्हाटीचा जाळ कसा, भडकन् पेटते अन् लगेच बसते, त्याच्याकडं पाहूनच राहा लागते. मी झारा कढईच्या काठावर एकडाव वाजवला की बाई पऱ्हाटी बाहेर वढे, दोनडाव वाजवला की आत सारे. तोंडानं बोलायची गरजच नव्हती. मिरचीचे भजे, कांद्याचे भजे, मुंगोडे. एक म्हातारा गाडीवान होता दर्यापूरचा, थो म्हने, बायांनो, बैलाले पेंड मिळाली नाही तं चालते, पन तुमचे भजे नाही मिळाले तं मी गाडी फिरवतो.

अन् मंग आमच्या घरातबी कापूस घुसला. माह्या घरचे अन् भासरे, म्हंजे बाईचे घरचे, दोघं सख्खे भाऊ, मळा मोडून कापूस लावायचा का नाही याच्यावर भांडले. भासरे म्हने लावायचा, आमचे म्हने वांगे मोडायचे नाही. पंच बसले. मळा वाटला, बैल वाटले, इहिरीचं पानी वाटलं. शेवटी भट्टीचं निघालं, तं एक पंच हासत हासत म्हने, कढई धाकटीच्या माहेरची, थे तिची, भट्टी थोरलीच्या हातची, थे तिची, झाली वाटनी! सारे हासले. आमाले कोनी इचारलं नाही. आमी दोघी दाराच्या आड उभ्या होतो अन् बाईनं माहा हात धरला होता. घरी आल्यावर आमचे म्हने, तिच्याशी बोलली तं या घरात पाय ठिवायचा नाही. भासऱ्यानंबी तिले तेच सांगतलं असन.

मी रस्त्याच्या पल्याड बसली. माह्या हातची भट्टी तं आठ दिवसात तडकली, मंग तीन गोट्यावर कढई ठिवली, थे डुले, वाऱ्यानं जाळ बाजूनं निंघून जाये अन् भजे तेलकट होत. तिकडं भासऱ्यानं बाईले लखलखीत पितळी कढई आनून देली. लहानी होती, तोंडात पार आत पडे, म्हनून बाई भट्टीवर खापराचे तुकडे ठिवून त्याच्यावर थे टेकवे. पऱ्हाटीच्या जाळानं कल्हई वितळून तेलात आली एका दिवशी, सारं तेल फेकलं तिनं. मी पाहून राहिली होती, पन उठली नाही. रस्ता किती बापू, दोन गाड्या शेजारी जातीन एवढाच. सवयीनं मी इकडं झारा वाजवो अन् तिकडं बाईचा हात आपसूक स्वताच्या भट्टीतली पऱ्हाटी वढे. दर्यापूरचा म्हातारा पोट धरून हासे. मले रडू येये.

मंग थे लढाई मिटली म्हने अन् कापसाचा भाव धपकन् खाली आला. भासऱ्यानं गाडी, बैल सारं इकलं अन् बायकोचं माहेर वरुडाकडं होतं तिकडं जायचं ठरवलं. भर दुपारी त्यांची गाडी माह्यापुढून निंघाली. बाई मांगं बसली होती, पितळी कढई मांडीवर. तिनं भट्टीकडं पाह्यलं, मंग माह्याकडं, अन् दोन्ही हात हवेत गोल फिरवले. एकडाव, मंग पुन्हा. माह्या घरचे माह्या बाजूले उभे होते, थे म्हने, पाय, पाय, जाता जाता आपलं वाटोळं म्हनून राह्यली! अन् बापू, मीबी तेच समजली. इतक्या दिवसाचा अबोला होता, मनात कडू साचलं होतं. मी तोंड फिरवलं. जानाऱ्या मानसाले पाठ दाखवली. गाडी दिसेनाशी झाली तवा कुठं वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्ता वलांडून गेली, उगाच, पाहाले. भट्टी लिंपेल होती, वली होती अजून. म्या म्हटलं, जानाऱ्या बाईनं भट्टी काहून लिंपावी? तोंडावरचे खापराचे तुकडे काढून बाजूले रचून ठिवले होते. बापू, रोज लिंपलं की भट्टीचं तोंड रोज थोडं थोडं बारीक होत जाते, इतक्या दिवसात तं माही कढई वरच राहायले पायजे होती. मी कढई आनली, ठिवली. टुक.

बसली. हलली नाही. म्हंजे थे रोज लिंपे अन् रोज आतून खरवडून तोंड माह्या कढईच्या मापाचं ठिवे, स्वताच्या कढईचे हाल करून. मी कवातरी येईन म्हनून. अन् जातानी थे हात फिरवून तेच सांगून राह्यली होती, गिरजे, तोंड वाटोळं हाये, ये, कढई ठिव. आमची निशानी होती थे, दोघीची, अन् मीच नाही वळखली. तिथंच भट्टीपाशी बसून मी रडली, अन् आमचे आले, त्याईनं पाह्यलं अन् रस्त्यापल्याडून माहा झारा इकडं आनून ठिवला.

दर्यापूरच्या म्हाताऱ्याजवळ निरोप देला, बाईले सांगा, कढई बसली, एवढंच सांगा. त्यानं अमरावतीले वरुडच्या एका गाडीवानाले सांगतला म्हने. पुढं आगगाडी आली, लांबच्या गाड्या कमी झाल्या, थो म्हाताराबी दिसेनासा झाला. मंग तिकडून हैजाची, पटकीची, खबर आली अन् तिच्यात बाई गेल्याची. निरोप तिले पोचला का नाही, थे आजपावतर समजलं नाही मले.

आता वय झालं माहं, पन भट्टी मीच लिंपतो अन् मीच खरवडतो, सुनेले हात लावू देत नाही. सून गुनाची हाये, चांगली तळते, देव तिले सुखी ठिवो. कधीमधी मी झारा घेतो तं हात आपसूक कढईच्या काठावर वाजते, एकडाव. सून धावत येते, म्हन्ते, आत्याबाई, काय पायजे? मी म्हन्तो, काई नाही वं माय, तुहं चालू दे.