माहेरवाशिणींचं निंबाचं बन

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे न्यायाधीश साहेब, वकील संघाचे पदाधिकारी, आजचे सत्कारमूर्ती नासीर वकील साहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या कनीजभाभी, आणि समोरच्या काळ्या कोटातल्या सर्व सज्जनांनो. मागच्या बाकांवर आमच्या गावच्या लेकी बसल्या आहेत. त्यांचं नाव घ्यायचं राहिलं तर मला घरी जाणं कठीण होईल, म्हणून त्यांनाही नमस्कार.

मी तोताराम, पांझरेकाठचा शेतकरी. वकिलांच्या सभेत पक्षकाराला बोलायला उभं करणं हे मोठं धाडस आहे. पण नासीर साहेब आता धुळं सोडून सुरतेला मुलाकडे राहायला चालले. आज नाही बोलायचं तर कधी?

आमच्या गावाला नाल्याच्या कडेनं चार एकर निंबाचं बन आहे. मला ते मामांनी बक्षीस दिलं. त्यात त्यांनी नांगर घातला नाही, मीही घातला नाही. वैशाखात अख्ख्या शिवारात सावली शोधाल तर ती तिथंच. माझा जीव आहे त्या बनावर. मी गेल्यावर ते राहील का, या काळजीनं माझी झोप उडाली होती.

माझा मुलगा सुकदेव वीटभट्टीवाल्याशी बोलणी करत होता. लाकूड भट्टीला, माती विटांना. त्याच्यावर रागावू नका. पडीक जमीन कशाला सांभाळायची, असं कोणत्याही कर्त्या माणसाला वाटणारच. पण मी घाबरलो आणि साहेबांकडे आलो.

साहेब म्हणाले, "आबा, जमीन वडिलार्जित नाही, देण्याचा हक्क तुमचा. प्रश्न एवढाच, द्यायची कोणाला?"

मी म्हणालो, मृत्युपत्र करतो, मुलानं बन तोडू नये असं लिहितो. साहेब म्हणाले, "लिहाल तुम्ही, पण तेव्हा भांडायला कोण येणार?" मग म्हणालो, ग्रामपंचायतीला देतो. सरपंच इतके खूश झाले, की दुसऱ्याच दिवशी तिथं दुकानांचे गाळे कुठून कुठवर निघतील ते पावलांनी मोजून आले! वनखात्याचे एक भले अधिकारी म्हणाले, एवढ्याशा तुकड्याला राखणदार कुठून देऊ? शेवटी मी म्हणालो, साहेब, एक दगड उभा करून शेंदूर लावतो, देवाच्या जागेला कोण हात लावेल? त्यावर साहेब हसले. "आबा, हे मी बोलणं बरं दिसत नाही, पण देवाच्या मागून सभामंडप येतो. तो कुठं बांधणार?"

आता सांगा, अशा वकिलाला काय म्हणावं? दर वेळी आपलंच काम मोडून पक्षकाराला परत पाठवायचा!

मग त्यांनीच एक प्रश्न विचारला. "बन विकून ज्याला काही मिळणार नाही, पण बन गेलं तर ज्याचं काहीतरी जाईल, असं गावात कोण आहे?" घरी येऊन शेवंताबाईला, म्हणजे आमच्या मंडळींना, विचारलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "लेकी शेतस ना! आखाजीले त्या झोका कोठे बांधतीन?"

बाहेरगावचे पाहुणे असतील तर सांगतो, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे सासरी गेलेल्या बठ्ठ्या, अगदी सगळ्या, लेकी माहेरी येतात आणि त्या बनात झोके घेतात. साहेबांनी हे ऐकलं आणि टेबलावर हात आपटला. ट्रस्ट झाला. ट्रस्टी कोण? गावच्या सासरी गेलेल्या लेकी. मुलगा नाही, जावई नाही. सभा वर्षातून एकदा, आखाजीला, बनातच. जमीन विकायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी हवी. मी विचारलं, "म्हणजे कायमचं झालं?" साहेब म्हणाले, "कायद्यात कायमचं काही नसतं, आबा. मोडायला अवघड करून ठेवता येतं."

त्या दिवसापासून सुकदेव माझ्याशी बोलेनासा झाला. एका घरात, एका पंगतीत. मी समोर बसलेलो असायचो आणि तो आईला म्हणायचा, "आबाले सांग, मोटर बंद करा." चुकलं कोणाचं, हे मला अजून सांगता येत नाही. फार जड गेली ती वर्षं.

पुढच्याच आखाजीला वीटभट्टीवाला कुऱ्हाडी घेतलेले मजूर घेऊन बनात आला. ट्रस्ट वगैरे त्याला खोटं वाटत होतं. आमच्या गावची लेक झुंबरबाई, तीही आज इथं आहे, झोक्यावरून उतरलीच नाही. वरूनच म्हणाली, "आमनी मीटिंग चालू शे. चपला काढ आन बस!" नासीर साहेब सल्लागार म्हणून कनीजभाभींसह तिथं सांजोरी खात बसले होते. त्यांनी हात पुसले, दस्त काढला आणि मोठ्यानं वाचला. मजूर सावलीत पाणी पिऊन परत गेले.

यंदा सुकदेवच्या मुलीचं, कुंदाचं, लग्न झालं. तिची पहिली आखाजी. सुकदेव पन्नाशीचा गडी, पण निंबावर चढून त्यानं स्वतः दोर बांधला. मी लांबून पाहिलं. नंतर तो साहेबांकडे गेला, कुंदाला ट्रस्टी करता येईल का विचारायला. साहेब म्हणाले, "येईल की. पण दस्तात अट आहे, बापानं आजोबांना तोंडी विचारलं पाहिजे."

संध्याकाळी तो ओट्यावर आला. चपला काढून माझ्यासमोर बसला. मग म्हणाला, "आबा, ट्रस्टमा कुंदानं नाव लावू का?"

साहेब, दस्तात अशी अट नाही. मी तो अनेकदा वाचून घेतलाय. तुम्ही पक्षकाराला धडधडीत खोटं सांगितलंत, तेही न्यायाधीश साहेबांच्या जिल्ह्यात! आणि माझा मुलगा मला परत मिळाला.

म्हाताऱ्याचं इतकं ऐकून घेतलंत, आपले आभार. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर घरचा माणूस समजून पोटात घाला. साहेब, भाभी, पुढच्या आखाजीला या. सुरतेला घ्यायला सुकदेव येणार आहे. तसं त्यानं मला स्वतः सांगितलंय.