शेवटची चाचणी पास हाय की!

अध्यक्षस्थानी विराजमान असलेले आमच्या फाउंड्रीचे मालक आदरणीय अण्णाप्पा चौगुले, म्हणजे आपले आण्णा. पुण्याच्या ट्रेलर कारखान्यातून अगत्यानं आलेल्या आदिती मॅडम. सत्कारमूर्ती, आपल्या कॉम्प्युटर विभागातल्या दीपाताई मगदूम. आणि जेवणाचा वास येत असूनही जागेवर बसलेल्या माझ्या सहकारी बंधू-भगिनींनो,

मी कृष्णात, डिस्पॅच सांभाळतो. कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतून माल वेळेत बाहेर काढणं, एवढंच माझं काम. कॉम्प्युटरवर मी बोलावं हे कुणी ठरवलं, ठाऊक नाही. पण दीपाताईंनी ट्रक अडवला तेव्हा गेटवर मीच होतो.

आपण प्रत्येक लॉटमधला एक ब्रेक ड्रम घेऊन त्याचा कडकपणा तपासतो. तो नापास झाला तर? दुसरा घ्यायचा. तोही झाला, तर तिसरा. नापास ड्रम जातो कुठं? परत ढिगात. हसू नका, आपलीच रीत आहे ही.

मशीन प्रामाणिक. जेवढ्या चाचण्या, तेवढ्या वेळा ‘चाचणी’ हा घटक एक्सएमएल फाइलमध्ये लिहून पाठवायचं. पण ती फाइल वाचणाऱ्या जावा प्रोग्राममध्ये पूर्वी कुणीतरी लॉटच्या घरात चाचणीसाठी एकच खुर्ची ठेवलेली. नवा पावणा आला की आधीचा उठवला जायचा. पडद्यावर दिसायची ती शेवटची, पास झालेली. संशय कुणाला येणार?

दीपाताईंनी दुसऱ्याच कामासाठी मूळ फाइल उघडली, तर चाचण्या तीन आणि पडद्यावर एक. त्यांनी खुर्ची काढून बाकडं टाकलं. जावाच्या भाषेत त्याला लिस्ट म्हणतात. प्रोग्राम पुन्हा चालवला, तर ट्रकात भरलेल्या लॉटपुढं दोन लाल ओळी उमटल्या. त्या पळतच गेटवर आल्या.

आण्णा, तुमची परवानगी गृहीत धरतो. तुम्ही गेटवर येऊन म्हणालात, “शेवटची पास हाय की! परीक्षेत शेवटच्या खेपंला पास झालं तरी पासच म्हणत्यात.”

दीपाताई म्हणाल्या, “परीक्षेला पोरगं तेच बसतंय, आण्णा. हितं दर खेपंला नवं पोरगं बसवलंय. नापास झालेली दोघं ट्रकातच हाईत. गाडी गेली तर उद्यापासनं मी येत न्हाय.”

उसानं भरलेल्या ट्रेलरचा ब्रेक उतारावर लागला नाही, तर काय होतं, हे या सभागृहात कुणाला सांगायला हवं का? आण्णा ट्रकापाशी गेले. मग म्हणाले, “कृष्णात, ताडपत्री सोड.” मला रागच आला होता. दोर नुकताच आवळला होता मी.

पुण्याला उशिराचं खरं कारण कळवलं. आदिती मॅडम फोनवर काय बोलल्या, ते त्यांच्या देखत सांगत नाही. मग त्या स्वतः आल्या, जुना पडदा पाहिला, नवा पाहिला. ऑर्डर ठेवली आणि माणूस मागितलं. सोमवारपासून दीपाताई त्यांच्याकडं माल तपासणीला. म्हणजे आपला प्रत्येक ट्रक आता त्यांच्यासमोरच उतरणार.

एवढं ऐकून घेतलंत, मी आपला आभारी आहे. माझ्या बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, तर मोठ्या मनानं पदरात घ्या.

मालात झालं असेल, तर मात्र दीपाताई, पदरात घेऊ नका.