इसमास दोरीने बांधून पळवल्याबाबत

मी, खाली सही करणारी, वय ४६ वर्षे, व्यवसाय नोकरी (पोहण्याच्या तलावावर शिक्षिका), राहणार बंदरावरील वखारीमागची इमारत, दुसरा मजला. आज रविवारी पोलीस ठाण्यात बोलावल्याप्रमाणे हजर राहून, विचारल्यावरून खरे सांगते की,

वरील पत्त्यावर मी, माझे पती व धाकटे दीर असे तिघे राहतो. पती जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात वेल्डर आहेत. दीर अविवाहित असून पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवत. तीन वर्षांपूर्वी आजारपणात त्यांची दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली.

आज सकाळी आधी समुद्रात पोहणे, मग सायकल व शेवटी धावणे अशी तिहेरी शर्यत होती. त्यात मी व दीर जोडीने उतरलो होतो. आम्ही किनाऱ्याच्या रस्त्याने धावत असता समोरच्या इमारतीतील एका आजींनी खिडकीतून पाहून पोलिसांना फोन केला की, एक बाई एका इसमाला दोरीने बांधून पळवत आहे, इसम लंगडत आहे, त्याच्या गुडघ्यातून रक्त येत आहे व तो "मला सोडा" असे ओरडत आहे. आजींनी सांगितलेले सर्व खरे आहे. मी दिरांना पळवत होते. पळवून नेत नव्हते.

दृष्टी गेल्यावर दीर मागच्या खोलीत बसून असत. जेवायला हाक मारली की यायचे, जेवून परत जायचे. मित्र सुरुवातीला येत, नंतर येईनासे झाले. माझे पती त्यांच्याशी अगदी हळू आवाजात बोलत, जणू काही त्यांचे कानच नाजूक झाले आहेत. मला ते जमले नाही. तलावाच्या काठावर नोकरी केल्यामुळे माझा आवाज मुळातच मोठा आहे.

गेल्या वर्षी एका दुपारी तलाव रिकामा होता. मी घरी येऊन म्हटले, "भाऊजी, घरात बसून कुजलात तर वास मलाच येणार आहे. चला." ते रागावूनच आले. कठडा धरून पायऱ्या उतरले व छातीभर पाण्यात बराच वेळ नुसते उभे राहिले. मग त्यांनी दोन्ही हात पसरले आणि जागच्या जागी एक पूर्ण फेरी घेतली. म्हणाले, "वहिनी, इथे धडकायला काहीच नाही."

मी टॉवेल आणायला आत गेले. टॉवेल माझ्या खांद्यावरच होता.

त्यानंतर ते रोज येऊ लागले. पोहणे जमल्यावर माझ्या पतींनी दोन जुन्या सायकली कापून, जोडून दोन माणसांची एक सायकल केली. पुढे मी, मागे दीर. पहिल्याच दिवशी दीपगृहाच्या उतारावर दीर मोठ्याने हसले. घरी येऊन त्यांनी पतींकडे तक्रार केली की वहिनी पाय नुसते फिरवतात, जोर सगळा मलाच लावावा लागतो. ही तक्रार खोटी आहे. ती आजही चालू आहे. धावण्यासाठी आम्ही रबरी दोरी वापरतो, एक टोक माझ्या मनगटाला, एक त्यांच्या. वळण आले, खड्डा आला, पायरी आली की मी तोंडाने सांगते.

आज समुद्रात दोरी हुकाने दोघांच्या कमरेला अडकवली होती. वळणाच्या खुणेसाठी तरंगत ठेवलेल्या पहिल्या बोयापाशी मागून पोहणाऱ्यांचा लोंढा आमच्यामधून गेला. त्यानंतर दोरी हलकी लागली. ओढून पाहिली तर नुसता हूक हातात आला. तलावावर दिवसभर मुलांची डोकी मोजणे हे माझे काम आहे. इथे चहूकडे डोकी होती आणि सगळ्यांच्या टोप्या एकाच रंगाच्या. मी हाका मारल्या. पाणी उडण्याच्या आवाजात माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. यात किती वेळ गेला असे जबाब घेताना साहेबांनी विचारले. ते मला सांगता येणार नाही.

दीर सगळ्यांपासून बाजूला, पाठीवर पडून, हात पसरून तरंगत होते, जसे काही खाटेवर पडले आहेत. मी त्यांचा खांदा धरला. ते म्हणाले, "आलात?" मग त्यांनीच सांगितले, "मी हललो असतो तर तुमचं काम वाढलं असतं. म्हणून पडून राहिलो." मी हूक टाकून देऊन दोरीची गाठ मारली. गाठ मारायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. बचाव होडीतील माणसाने वर घेऊ का असे विचारले. आम्ही दोघांनी एकदमच नको म्हटले.

सायकलच्या टप्प्यात विशेष काही घडले नाही. चढावर माझे पती उभे होते. आम्ही दिसताच त्यांनी दिरांच्या नावाने आरोळी ठोकली. त्यांना एवढा आवाज आहे हे लग्नाला इतकी वर्षे होऊन मला आजच कळले. दीर म्हणाले, "हा दादा होता?" मी हो म्हटले. तिथून चढ संपेपर्यंत सायकल एकदम हलकी चालली.

धावताना फुटपाथची कड आली तेव्हा "पायरी" म्हणायचे माझ्याकडून राहिले. मी मागे किती लोक उरले ते पाहत होते. दीर पडले व गुडघा फुटला. शर्यतीला वेळेची मर्यादा असते व ती संपत आली होती. दीर म्हणाले, "वहिनी, मला सोडा. तुमची तरी शर्यत पुरी होऊ दे." मी म्हटले, "गप चला." ते ओरडून म्हणाले, मला सोडा. हे आजींच्या खिडकीखाली घडले. आजींनी जे केले ते मीही केले असते.

मी दिरांना विचारले की, एकटी घरी गेले तर तुमच्या भावाला काय सांगू, तुमचा भाऊ रस्त्यात ठेवून आले म्हणून? त्यावर त्यांना हसू आले व ते पळू लागले.

तेवढ्यात पोलिसांची जीप आली. साहेबांनी आम्हाला थांबवून दिरांना विचारले, "ह्या बाईंनी तुम्हाला जबरदस्तीने बांधलंय का?"

दीर म्हणाले, "हो साहेब. ह्यांच्यापुढे कोणाचंच काही चालत नाही."

दिरांना थट्टेची सवय आहे. साहेबांना ती माहीत नव्हती. त्यांनी दोरी धरली. मग दिरांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिले आणि दोरी सोडली. मी थोडक्यात हकीकत सांगितली. अजून किती राहिले, असे त्यांनी विचारले. धक्क्यापर्यंत, मी म्हटले. शर्यत संपवून जबाब द्यायला या, असे सांगून ते जीपमध्ये बसले आणि जीप आमच्या मागून चालू लागली.

जीपवरचा दिवा चालू होता. त्यामुळे लोकांना आम्ही कोणी मोठे असल्याचे वाटले असावे. घरी निघालेले लोक थांबून टाळ्या वाजवू लागले. दीर विचारू लागले, काय काय दिसतंय ते सांगा. मला दम लागला होता, वर्णन सुचेना. म्हणून मी दुकानांच्या पाट्या वाचत पळाले. केशकर्तनालय. चष्म्याचे दुकान. होड्यांचे सुटे भाग. त्यातल्या निम्म्या पाट्या दिरांनीच रंगवलेल्या आहेत. चष्म्याच्या दुकानापाशी ते म्हणाले, "तिचा निळा उडाला असेल." मी पाहिले. उडाला नव्हता. मी तसे सांगितले. त्यानंतर ते माझ्या पुढे धावू लागले व दोरीने मीच ओढली गेले, हेही नोंदवून घ्यावे.

आम्ही सर्वांत शेवटी पोहोचलो. वेळ संपून गेली होती. साहेबांनी आयोजकांना सांगितले की ह्या दोघांना सरकारी कामासाठी मी अडवले होते, तेवढा वेळ वजा करा. आयोजकांनी केला. आम्हा दोघांनाही शर्यत पुरी केल्याची पदके मिळाली.

सदर आजी आता ठाण्यात हजर आहेत. त्यांनी पुन्हा पुन्हा माफी मागितली. दिरांनी त्यांना सांगितले की, माफी कशाला, कोणी ओरडलं तर खिडकी उघडणारं माणूस आपल्या रस्त्यावर आहे हे आज कळलं. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

माझ्या आधी दिरांचा जबाब झाला. त्यात हवालदारांनी व्यवसाय विचारला. दीर म्हणाले, "खेळाडू." हवालदारांनी काहीही न विचारता तसे लिहिले. त्या वेळी माझे पती बाकावर बसले होते. ते उठून बाहेर जाऊन उभे राहिले व थोड्या वेळाने चेहरा धुऊन आत आले.

माझा हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. दिरांनीही तो ऐकला. ऐकताना ते एकदा हसले. मजकूर मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे, म्हणून सही करते.