टॉवरवरचे लाल दिवे

नोएडातल्या दातांच्या दवाखान्यात रुचिता नंबराची वाट पाहत बसली होती. समोरचं जोडपं मराठीत बोलत होतं. इथं कुणाला कळतंय, अशा बेफिकिरीनं. रुचितानं मोबाइलमध्ये डोकं घातलं, पण कान तिकडेच लावले.

“अहो, तुमचा तो टीव्हीचा ट्रान्समीटर कायमचा बंद झाला ना?”

“झाला की. आता सगळं सॅटेलाइटवरून येतं, लतिका.”

“मग तुमची ड्यूटी कसली?”

“टॉवर अजून उभा आहे ना! त्यावरचे लाल दिवे विमानांसाठी चालू ठेवावे लागतात. त्यांच्यावर लक्ष ठेवायला माणूस नको?”

“दिव्यांवर लक्ष ठेवायला सेंट मारून जाता?”

“यार, काहीही बोलतेस तू.”

“बरं. उद्या संध्याकाळी मीही येते. बघू तरी तुमचे दिवे.”

“आत सोडत नाहीत. पास लागतो.”

“आत कशाला? दिवे रस्त्यावरूनही दिसतात.”

“उद्या नको. उद्या माझी सुट्टी आहे.”

“अच्छा! मग उद्याच्या डब्यात चार पोळ्या जास्त घाल, असं सकाळी कोण म्हणालं?”