अप्पांची जीप आणि शेतीची ट्रॉली

चाकूरच्या शिवलिंगअप्पांची जीप तुम्ही पाहिली असेल. किराणा दुकान सांभाळून त्यांनी चार वर्षं खपून ती भंगारातनं उभी केली. लातूरला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं, म्हणून आम्ही ती माझ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवली आणि निघालो. वाटेत आरटीओच्या मॅडमनी थांबवलं.

"ही ट्रॉली शेतीची आहे. हिच्यात गाड्या वाहायच्या म्हणजे धंदा झाला. परमिट दाखवा."

"धंदा न्हाई बाई," अप्पा म्हणाले. "माझीच जीप हाय. शौक हाय."

"शौकाला वेगळा नियम नाही, अप्पा. ट्रॉलीत चढला की तो माल."

आपल्या जीपला माल म्हटलेलं अप्पांना लई लागलं. त्यांनी पिशवीतनं जीपची कागदपत्रं काढून पुढं धरली. आरसी, विमा, पीयूसी, सगळं चालू. मॅडमनी दोनदा तपासलं.

"मग चालवत का नेत नाही?"

अप्पा खाली बघत म्हणाले, "वाटंत बंद पडली तर लोक हसतील."

मॅडमनी कागदपत्रं परत दिली. "उतरवा. चालू होईपर्यंत मी इथंच आहे."

फळ्या लावून आम्ही जीप उतरवली. दुसऱ्या सेल्फला ती चालू झाली आणि अप्पा निघून गेले. मी रिकामी ट्रॉली घेऊन लातूरला पोचलो, तर अप्पांचा पत्ताच न्हाई. घाबरून फोन लावला.

"अप्पा, कुठं बंद पडली?"

"बंद कशाला पडती? पुढं औशात आलोय. लातूर आलं, पण थांबावंच वाटंना."