राउटरमधला आतला नंबर

चौथी शिकलेल्या बाईला इंटरनेटमधलं काय कळते, असं तुम्हाला वाटत असेल तर हे ऐका.

त्या दुष्काळी साली बहिणीच्या ऑपरेशनसाठी मला महिनाभर अकोल्याला जायचं होतं. इथं मोर्शीला माझी संत्र्याची झाडं विहिरीतल्या उरल्यासुरल्या पाण्यावर तगून होती. पाणी किती उरलं ते तिकडून दिसावं, म्हणून मी घरच्या ब्रॉडबँडवर विहिरीवर कॅमेरा लावला. घरात मोबाइलवर विहीर दिसायची, फाटकाबाहेर पडलं की बंद.

ब्रॉडबँड कंपनीचा माणूस आला. म्हणाला, "आजी, कॅमेरा खराब हाये. नवा घ्या."

"कॅमेऱ्याले काही झालं नाही, भाऊ. राउटरमंधी एक आयपी नंबर, म्हंजे इंटरनेटवरचा पत्ता, दिसते अन् बाहेर दुसराच. तुमी साऱ्या गल्लीले एकाच पब्लिक नंबराआड ठेवलं. पोस्टमननं गल्लीच्या बिननावाच्या चिठ्ठ्या किराणा दुकानात टाकल्या तर माही कोणती, कोण सांगन? मले माहा सोताचा पब्लिक नंबर पाहिजे."

दोन फोन लावून त्यानं नंबर मिळवून दिला, अन् फाटकाबाहेर माझ्या मोबाइलवर विहीर दिसली. जाताना मोठेपणानं म्हणाला, "आजी, आता बाहेरून कोणीबी येऊ शकते. कॅमेऱ्याचा पासवर्ड बदला."

"तो मी कालच बदलला. राउटरचा मात्र तुमीच कारखान्यातला तसाच ठेवला व्हता. तोच टाकून पाह्यला, म्हणून तर मले आतला नंबर दिसला."

तुमच्या हातातली फोड त्याच झाडांची आहे. खा.